गरीब घरातल्या मुलांना शालेय खेळात उतरवताना या चुका टाळा

जून उजाडला की नाशिकमध्ये दोन-चार उत्साही गट उभे राहतात. कुणी सातपूर-अंबडच्या कामगार वस्त्यांतल्या मुलांसाठी बूट गोळा करतं, कुणी पंचवटीतल्या महापालिका शाळेला फुटबॉल आणि नेट देतं. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण दिवाळी येईपर्यंत यातली निम्मीअधिक मुलं मैदानावरून गायब झालेली असतात आणि कारणं दरवर्षी तीच असतात. शाळेत खेळ शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, आता मुलांना स्पर्धांना नेण्या-आणण्याचं काम करते. तेच घोळ पुन्हा पुन्हा निस्तरून कंटाळा आला आहे, म्हणून एकदा सगळं लिहून ठेवते.

बूट दिले, काम झालं

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून हिच्यावर जरा जास्त लिहिते.

एका गटाने एका शाळेच्या रिलेच्या मुलींना बूट दिले. चांगले, नवेकोरे. चार बाय शंभरच्या चौघी, पाचवी राखीव कुणी नाही. जिल्हा स्पर्धेच्या दिवशी सकाळी तिघीच आल्या. तिसरा टप्पा पळणारी पोरगी आलीच नाही. शर्यतीआधी हजेरी घेतात त्या कॉल रूमसमोर आम्ही उभे, नाव पुकारलं गेलं, संघ बाद. बूट देणारे एक गृहस्थ तिथे होते. ते म्हणाले, "या लोकांना कदरच नाही."

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. पत्र्याची खोली, कपाटावर बुटांचा खोका, वरचा कागदसुद्धा जसाच्या तसा. धाकटा भाऊ तापाने फणफणलेला. आईला त्या दिवशी नाक्यावरून काम मिळालं होतं, आदल्या आठवड्यात दोन खाडे झालेले. ती म्हणाली, "मॅडम, आजारी लेकराला कुणाच्या भरवशावर टाकू? आणि पोरीच्या हातावर रिक्षाचे पैसे तरी काय ठेवू?" मुलगी कोपऱ्यात मान खाली घालून बसली होती. तिला कदर नव्हती असं म्हणणाऱ्याने त्या खोक्यावरचा कागद पाहायला हवा होता. स्पर्धेत घालायचे म्हणून तिने ते बूट एकदाही पायात घातले नव्हते.

बुटांचा खर्च एकदाच होतो. स्पर्धेचा दिवस मात्र दर वेळी नव्याने पैसे मागतो: जाण्यायेण्याचं भाडं, दुपारचं जेवण, घरी लहान भावंडांना सांभाळणारं माणूस, आणि मोठ्या मुलांच्या बाबतीत त्यांची स्वतःची बुडणारी कमाई. ऑक्टोबरची छाटणी झाली की दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत हात कमी पडतात आणि पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबंच्या कुटुंबं कामाला उतरतात. त्यातलं चौदा-पंधरा वर्षांचं पोर सरावाला येत नाही, तेव्हा ते आळशी झालेलं नसतं.

माझी पद्धत साधी आहे. हंगामाच्या सुरुवातीला प्रत्येक मुलाच्या घरी जाते आणि आईला विचारते की स्पर्धेच्या दिवशी घरात काय अडेल. उत्तर वहीत लिहून ठेवते. कुणाची पाणी भरायची पाळी असते, कुणाचं बाळ सांभाळायचं असतं, कुणाचे वडील सकाळी घराबाहेर सोडत नाहीत. आदल्या संध्याकाळी फोन करून त्याच गोष्टीची खात्री करते. शेजारच्या मावशीला बाळाजवळ बसायला सांगितलंय का? भाड्याचे पैसे आईच्या हातात पोचले का? आलेल्या देणगीतला मोठा हिस्सा मी यासाठीच राखून ठेवते आणि देणगीदारांना तसं तोंडावर सांगते. बसच्या तिकिटाला पैसे द्यायला काहींना जीवावर येतं, कारण तिकिटाचा फोटो निघत नाही. अशांना मी दुसऱ्या कुणाला तरी मदत करायला सांगते.

फोटोचंही आत्ताच बोलून घेते. मुलांना रांगेत उभं करून, मागे बॅनर लावून बूट वाटू नका. वर्गातली बाकीची मुलं ते पाहतात आणि पुढचं वर्षभर ते पोर "फुकटच्या बुटांचं" म्हणून ओळखलं जातं. साहित्य शाळेच्या नावाने द्या, खेळाच्या सरांकडून सगळ्या संघाला एकत्र मिळू द्या.

मापाबद्दल एकच सांगते. "वाढता पाय आहे" म्हणून दोन नंबर मोठे बूट घेऊ नका. पाय आत सरकतो, नख काळं पडतं, घोटा मुरगळतो. बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा पुरे. मुरमाड मैदानावर धावणाऱ्या शिकाऊ मुलाला स्पाइक्सची, म्हणजे खिळ्यांच्या बुटांची, गरज नसते.

जन्मतारखेचा घोळ

दुसरी चूक कागदांची. हिने जितकी मुलं घरी बसवली तितकी दुखापतींनीही बसवली नसतील.

शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा तीन गटांत होतात. तालुका किंवा महापालिका, मग जिल्हा, विभाग, राज्य अशी चढण असते आणि वर जावं तशी कागदांची तपासणी कडक होते. खाली कुणी फारसं विचारत नाही, म्हणून लोक बेफिकीर राहतात.

एका कबड्डी संघाची गोष्ट सांगते. चौदाखालचे मुलगे, जिल्ह्यात जिंकून विभागाला गेले. तिथे समोरच्या संघाने एका मुलाच्या वयावर हरकत घेतली. शाळेच्या जनरल रजिस्टरला त्याची तारीख १ जून. आधारवर १ जानेवारी. आणि गावच्या ग्रामपंचायतीतून निघालेल्या जन्मदाखल्यावर त्याच्या आदल्या वर्षाचा डिसेंबर! म्हणजे दाखल्याप्रमाणे मुलगा थोडक्या दिवसांच्या फरकाने गटाबाहेर. संघ बाद झाला. परतीच्या एसटीत बाकीची पोरं त्याच्याशी बोलेनात, आणि त्या बिचाऱ्याला आपण नेमकं काय केलं हेच कळत नव्हतं. त्याने काहीच केलं नव्हतं. पहिलीत नाव घालताना घरच्यांना तारीख आठवली नाही, म्हणून १ जून पडली. आधार काढताना नुसतं साल सांगितलं, म्हणून १ जानेवारी पडली. प्रवेशिका भरणाऱ्या मोठ्या माणसाने शेवटच्या रात्री हाताला लागला तो कागद जोडला. आपल्याकडे १ जूनला जन्मलेली मुलं वर्गावर्गात सापडतात, तरी ही तपासणी आधी करावी असं कुणाला वाटत नाही.

शाळा सुरू झाली की पहिल्या पंधरवड्यात प्रत्येक खेळाडूचे तीन कागद शेजारी शेजारी ठेवा: जन्मदाखला, जनरल रजिस्टरचा उतारा, आधार. नाव, वडिलांचं नाव, तारीख, अक्षर न् अक्षर जुळवा. फरक दिसला तर आधी जन्मदाखला पक्का करा, बाकीचं त्यावरून सुधारा. आधारवरची जन्मतारीख एकदाच बदलून मिळते, त्यामुळे अर्धवट माहितीवर आधार केंद्रात धावू नका. रजिस्टरमधली तारीख मुख्याध्यापक स्वतःच्या मनाने खोडू शकत नाहीत, शिक्षण विभागाची मंजुरी लागते आणि तिला वेळ लागतो. जन्माची नोंद २१ दिवसांत करायची असते. ती वर्षभरातही झाली नसेल तर दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय होत नाही. घरी बाळंतपण झालेल्या पाड्यांवरच्या मुलांचं बऱ्याचदा इथेच अडतं, म्हणून त्यांच्या कागदांना सगळ्यात आधी हात घाला.

आणि कुणी "एक वर्ष कमी दाखवू, पोरगं बारीकच आहे" असं सुचवलं तर त्या माणसाला संघापासून लांब ठेवा. असा प्रशिक्षक मला मैदानावर नको. पकडलं जातं मूल, डाग लागतो मुलाला. सुचवणारा पुढच्या वर्षी दुसऱ्या शाळेत हेच सांगत असतो.

शाळेला वगळून काम करणं

शालेय स्पर्धेची प्रवेशिका शाळेकडूनच जाते, मुख्याध्यापकांच्या सहीशिक्क्याने. तुमचा क्लब कितीही चांगला असला तरी परस्पर मूल पाठवता येत नाही. म्हणून आधी मुख्याध्यापक आणि खेळाच्या सरांना भेटा. अनेक शाळांत पूर्णवेळ क्रीडा शिक्षक नसतो. तिथे गणिताच्या किंवा मराठीच्या बाईच खेळ पाहतात. त्यांना तुमची मदत हवीच असते, पण हुकूम नको असतो.

उपाशी पोटी सराव

सकाळी सहाला गोल्फ क्लब मैदानावर नुसत्या चहावर आलेलं मूल चक्कर येऊन पडतं, तेव्हा "स्टॅमिना कमी आहे" म्हणून त्याला आणखी फेऱ्या मारायला लावणारे मी पाहिले आहेत. शाळेतलं पोषण आहाराचं जेवण पहिली ते आठवीपर्यंतच असतं. सहावी ते आठवीच्या मुलासाठी त्यात ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनांचं प्रमाण ठरलेलं आहे. मूल नववीत गेलं की ते ताट बंद होतं, आणि नेमकी तेव्हाच उंची वाढत असते, सरावही वाढलेला असतो. नववी-दहावीच्या मुलांच्या खाण्याकडे म्हणूनच जास्त लक्ष द्या.

पावडरींचे डबे आणू नका. सरावाआधी एखादं केळं किंवा गूळ-शेंगदाणे, सरावानंतर भिजवलेले हरभरे, उकडलेलं अंडं, घरून आलेली नागलीची नाहीतर बाजरीची भाकरी. वस्तीतल्याच एखाद्या ताईंना पैसे देऊन हे करून घ्या. तिच्या हाती चार पैसे येतात आणि खाणं वेळेवर मिळतं.

मुलींच्या बाबतीत रक्त तपासल्याशिवाय लांब पल्ल्याचा सराव सुरूच करू नका. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) देशातल्या १५ ते १९ वयाच्या १०० मुलींमागे ५९ जणी रक्तक्षयाच्या निघाल्या. हिमोग्लोबिनची तपासणी सरकारी दवाखान्यात होते. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी मुलगी खरंच घेते की दप्तरात ठेवते, ते विचारा. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या जंतनाशक गोळ्या चुकवू देऊ नका.

थोडक्यात सांगण्यासारख्या चुका

मुलींच्या सरावाची वेळ अंधार पडेपर्यंत लांबवणं. आईचा विश्वास एकदा उडाला की मुलगी परत येत नाही.

मैदानावर स्वच्छतागृह आहे का, ते न पाहता मुलींना दिवसभराच्या स्पर्धेला नेणं. पिशवीत पॅड आणि एक जादा ट्रॅक पँट नेहमी ठेवा.

मुलींबरोबर बाईमाणूस न पाठवणं. बाहेरगावी आईलाच सोबत न्या. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा खर्चाचं निमित्तही उरत नाही.

दुखापत झाली तर कोण नेणार, पैसे कोण देणार, हे आधी न ठरवणं.

परीक्षेच्या तोंडावर मुलाला सरावाला ओढणं.

मोठ्या नावांची स्वप्नं विकणं

हर्सूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या दिल्लीतल्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरचं कांस्य घेऊन आली, त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्य. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१६ ला रिओच्या ऑलिंपिकमध्ये रोइंगला उतरला, २०१८ ला आशियाई स्पर्धेत सांघिक सुवर्ण. दोघांचा मला अतिशय अभिमान आहे. पण ही नावं सांगून दहा वर्षांच्या पोराच्या बापाला "पाच वर्षांत नोकरी पक्की" असं पटवणारे लोक मला सहन होत नाहीत. शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे हे खरं. ते कुठल्या स्पर्धेतल्या कामगिरीवर मिळतं हे मात्र बापाला सांगितलं जात नाही. तालुक्याच्या प्रमाणपत्रावर ते मिळत नाही.

दत्तूने वल्हं हातात धरलं ते सैन्यात गेल्यावर. म्हणजे दहाव्या वर्षी एकाच खेळाला जुंपायची घाई नको. सरकारच्या निवासी क्रीडाप्रबोधिनीच्या निवडीतसुद्धा ८ ते १४ वयाच्या मुलांची उभी उडी, ८०० मीटर धाव, मेडिसिन बॉल फेक, शटल रन असंच सगळं पाहतात. खो-खो, लंगडी, झाडावर चढणं, पोहणं, सगळं करू द्या. घाईने तयार केलेली चौदाखालची विजेती मुलं सतराखाली दिसत नाहीत, आणि त्यांच्या गुडघ्यांबद्दल नंतर कुणी विचारत नाही.

प्रमाणपत्रं सांभाळणं

दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात, पण ठरावीक पातळीपर्यंत खेळलेल्यांनाच, आणि तेही शाळेने मुदतीत प्रस्ताव पाठवला तर. पत्र्याच्या घरात पावसाळ्यात कागद भिजतात. उंदीर कुरतडतात. घर बदलताना पिशवी हरवते. स्पर्धा संपल्याच्या आठवड्यात प्रमाणपत्राचा फोटो काढा, दोन झेरॉक्स करा, एक शाळेच्या फाइलला लावून घ्या, एक तुमच्याकडे ठेवा. मूळ प्रत प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये घालून आईच्या हातात द्या आणि ती कशासाठी लागणार हे तिला नीट समजावून सांगा. लॅमिनेशन करू नका, पुढे पडताळणीत अडचण येते. मुलाचं बँक खाते चालू आहे आणि आधारला जोडलेलं आहे, हेही त्याच आठवड्यात पाहून घ्या. शिष्यवृत्ती मंजूर होऊनही खातं बंद पडलं म्हणून पैसे अडकलेली मुलं दरवर्षी भेटतात.

नव्याने काम सुरू करणाऱ्यांना मी पहिला हंगाम फक्त एवढंच करायला सांगते: घरी जाणं, कागद जुळवणं, स्पर्धेला सोबत जाणं आणि मुलाला परत घरापर्यंत पोचवणं. काही जण नाराज होतात, त्यांना लगेच अकादमी काढायची असते. जे टिकतात, त्यांच्याकडे दुसऱ्या वर्षी किटच्या खरेदीचं काम देते.