ऑस्ट्रेलियातली कसोटी भाकऱ्या थापता थापता कशी पाहायची

सोलापूरच्या भवानी पेठेत आमचं कडक भाकरीचं काम आहे. मी आणि माझी जाऊ, दोन तवे, दोन पराती. पहाटे चारला शेगडी पेटते. त्यामुळे आपला संघ ऑस्ट्रेलियात गेला की ‘पहाटे पाचला कोण उठतंय’ ही लोकांची तक्रार मला कधी करावी लागली नाही. इंग्लंडमधली कसोटी दुपारी सुरू होते, वेस्ट इंडीजमधली संध्याकाळी. तेव्हा मी एकतर चटणी कुटत असते, नाहीतर झोपलेली असते. ऑस्ट्रेलियातली तेवढी माझ्या कामाच्या वेळेला येते. डबे करणाऱ्या, पहिल्या पाळीला जाणाऱ्या, दुकान उघडणाऱ्या कुणालाही ती नीट पाहता येते. थोडी आखणी लागते, ती सांगते.

आधी वेळ पक्की करा. मेलबर्न आणि सिडनीचा खेळ आपल्याकडे पाचला सुरू होतो. ब्रिस्बेनचा उशिरा, 2021 साली साडेपाचला होता, 2024 साली पाच पन्नासला. ब्रिस्बेन सिडनीच्याच किनाऱ्यावर, तरी हा फरक पडतो, कारण क्वीन्सलँड राज्यात उन्हाळ्यात घड्याळं तासभर पुढे करत नाहीत. पर्थ पार पश्चिमेला, तिथला खेळ सात पन्नासला. ॲडलेडला गुलाबी चेंडूची दिवसरात्र कसोटी असली तर थेट साडेनऊला, म्हणजे सगळ्या भाकऱ्या उरकून आरामात बसता येतं. वेळापत्रक आलं की भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने या वेळा लिहा. मी दुधाच्या हिशोबाशेजारी लिहिते, रोज नजर जातेच.

मेलबर्न-सिडनीचा दिवस तर जणू माझ्यासाठीच आखलेला. पाच ते सात पहिलं सत्र, तोवर निम्म्या भाकऱ्या होतात. सातला तिकडे जेवणाची सुट्टी, चाळीस मिनिटं. तेवढ्यात नातवाला उठवून अंघोळ, चहा, गठ्ठे बांधणं. सात चाळीसला पुन्हा खेळ. नऊ चाळीसला चहापान, तेव्हा जवळच्या दुकानात माल पोचवून दहाला घरी. बाराला, फार तर साडेबाराला दिवस संपतो. तुमचं काम वेगळं असेल, पण आधी या दोन सुट्ट्या धरा आणि बाकीचं त्यांच्याभोवती बसवा.

आवाजाची कामं आदल्या दिवशी संपवा. शेंगाची चटणी पहाटे कुटायची नाही म्हणजे नाही. बत्त्याच्या दणक्यात समालोचन ऐकू येत नाही आणि घर उठतं ते वेगळंच. मी ती संध्याकाळी कुटून बरणीत भरते. मोबाइलवर बघणार असाल तर पीठ मळायच्या आधी तो चार्जिंगला लावून पत्र्याच्या डब्याला टेकवून ठेवा, आणि पडदा आपोआप बंद होण्याची सोय काढून टाका. पिठाच्या हातांनी काच पुसत बसलं की नेमकी विकेट जाते. अजून एक, मोबाइलवरचं चित्र टीव्हीच्या काही सेकंद मागे चालतं. शेजारी टीव्ही असेल तर त्यांची आरोळी आधी येते आणि आपला गोलंदाज अजून धावतच असतो. त्यापेक्षा शेजाऱ्यांनाच बोलवा. आमच्याकडे समोरचे मामा मागाची रात्रपाळी संपवून येतात, चादर पांघरून उंबऱ्यात बसतात आणि पहिली गरम भाकरी त्यांची असते.

आता खेळाकडे बघायचं कसं. माझं आग्रहाचं सांगणं एकच: पहिला तास सोडू नका. बाकी दिवसभरात येताजाता बघितलंत तरी चालेल. तिकडे कूकाबुरा कंपनीचा चेंडू असतो. आपल्याकडचा एसजीचा चेंडू पूर्ण हाताने शिवतात, सहाही ओळी. कूकाबुराच्या मधल्या दोन ओळी तेवढ्या हाताच्या, बाहेरच्या चार मशिनच्या. सोलापुरात शिवण आणि दोरा लहान पोरालाही कळतो, त्यामुळे हे इथे समजावावं लागत नाही. मशिनची शिवण लवकर दबते. पंचवीस-तीस षटकं गेली की चेंडू मऊ पडतो आणि फलंदाजी सोपी होते. म्हणजे त्या आधीच्या तासा-दोन तासांत कमिन्स-स्टार्कसारख्या त्यांच्या वेगवान गोलंदाजांपुढे आपला सलामीवीर टिकला की नाही, यावर पुढचा दिवस ठरतो. त्या वेळी धावा बघू नका. किती चेंडू सोडले ते बघा. ऑफ स्टंपबाहेरचा चेंडू सोडताना फलंदाजाचं डोकं स्थिर आहे का, बॅट मागे घेतोय की चेंडूच्या मागे जातोय, एवढं बघायला लागलात की तुम्हाला कसोटी दिसायला लागली. पुढे 80 षटकं झाली की नवा चेंडू मिळतो, तेव्हा पुन्हा तव्याकडची नजर वर.

एक वही घाला. पाच दिवस, रोज तीन सत्रं, पंधरा चौकोन. प्रत्येक सत्र संपलं की धावा, विकेट आणि सत्र कुणाचं ते लिहायचं, ‘आपलं’, ‘त्यांचं’ किंवा ‘बरोबरी’. नातू दहा वर्षांचा आहे, हे काम त्याच्याकडे दिलंय. सत्र त्यांचं असेल तर तसंच लिहायचं, पंचाला दोष देऊन आपलं करायचं नाही, ही अट. समोरच्याचा चांगला चेंडू ज्याला दिसत नाही, त्याला या लढतीतलं अर्धंच दिसतं.

वहीची सवय मला माझ्या अप्पांकडून लागली. अप्पा मिलमध्ये साचेवाले, म्हणजे मागावर काम करणारे. 1977 च्या डिसेंबरात मी दहा वर्षांची होते. बिशनसिंग बेदींचा संघ तिकडे पहिल्या दोन कसोट्या हरला होता, ब्रिस्बेनला 16 धावांनी आणि पर्थला दोन विकेटनी, दोन्ही अगदी हातातोंडाशी येऊन. रात्रपाळीहून आले की अप्पा रेडिओ शॉर्टवेव्हवर लावायचे. खरखर यायची, मध्येच लाटेसारखा आवाज वर यायचा, पुन्हा बुडायचा. त्यांना इंग्रजी फारसं येत नव्हतं, नावं आणि आकडे मात्र बरोबर पकडायचे आणि स्वयंपाकघरातल्या भिंतीवर कोळशाने लिहायचे. मेलबर्नच्या कसोटीत त्यांनी ‘चंद्रा 52 – 6’ लिहिलं आणि काही दिवसांनी त्याच्याखाली पुन्हा ‘चंद्रा 52 – 6’. आईला वाटलं, झोपेत एकच ओळ दोनदा लिहिली. पण चंद्रशेखरनी खरोखरच दोन्ही डावांत 52 धावांत 6 बळी घेतले होते. ऑस्ट्रेलियात आपण जिंकलेली ती पहिली कसोटी, 222 धावांनी. पुढच्या दिवाळीत चुना लावेपर्यंत त्या दोन ओळी अप्पांनी कुणाला पुसू दिल्या नाहीत.

म्हणून लेकरांना सोबत बसवणार असाल तर जुनी गोष्ट सांगायची तयारी ठेवा, नाहीतर जेवणाच्या सुट्टीत त्यांच्या हातात मोबाइल जातो. सगळा इतिहास लागत नाही. मी सुरुवात घरापासून करते. पॉली उम्रीगर यांचं बालपण आपल्या सोलापुरात गेलं. 1959 च्या डिसेंबरात कानपूरला आपण ऑस्ट्रेलियाला पहिल्यांदा हरवलं, तेव्हा पहिल्या डावात जसू पटेलांनी 69 धावांत 9 बळी घेतले हे सगळे सांगतात. दुसऱ्या डावात ऑस्ट्रेलियाला 225 हव्या होत्या आणि ते 105 वर आटोपले. त्यात पटेलांचे 5 आणि उम्रीगरांचे 27 धावांत 4, हे सोलापूरकरांनी तरी सांगितलंच पाहिजे. त्याआधी, 1948 साली ॲडलेडला ब्रॅडमनच्या संघापुढे विजय हजारेंनी दोन्ही डावांत शतकं ठोकली होती, 116 आणि 145. हजारे सांगलीचे. पोराला नकाशावर सांगली दाखवा, मग ॲडलेड दाखवा.

1981 चं मेलबर्न मात्र मी निवांत, दोन सुट्ट्यांत वाटून सांगते. लिलीच्या चेंडूवर गावसकरांना पायचीत दिलं. चेंडू बॅटला लागलाय असं त्यांचं म्हणणं, आणि रागाच्या भरात ते चेतन चौहानांनाही ओढत मैदानाबाहेर निघाले. सीमेपाशी संघाचे व्यवस्थापक आडवे आले, चौहानांना परत पाठवलं, सामना वाचला. हे पहिल्या सुट्टीत. दुसऱ्या सुट्टीत पुढचं: ऑस्ट्रेलियाला फक्त 143 हवे होते. कपिल देवची मांडी दुखावलेली, दिलीप दोशींच्या पावलाचं हाड मोडलेलं. घावरींनी ग्रेग चॅपेलची दांडी पहिल्याच चेंडूवर उडवली. शेवटच्या दिवशी कपिल तसाच उतरला, 28 धावांत 5 बळी, आणि ऑस्ट्रेलिया 83 वर सगळे बाद. नातू दर वेळी विचारतो, ‘आज्जी, चौहान परत आले नसते तर?’ मी म्हणते, मग 83 कुठून आले असते, सांग.

पाचव्या दिवसाचं नियोजन वेगळं करायचं. हे मी नुकसान सोसून शिकले. 2003 च्या डिसेंबरात ॲडलेडला पाँटिंगने 242 केल्या, ऑस्ट्रेलियाने 556. तरी द्रविडच्या 233 आणि लक्ष्मणच्या 148 धावांनी आपण सामन्यात राहिलो. मग आगरकरने 41 धावांत 6 घेतले आणि शेवटच्या दिवशी 230 चं लक्ष्य उरलं. जिंकायला थोड्याच धावा हव्या असताना एका गिऱ्हाइकाचा निरोप आला, माल आत्ता पाहिजे. मी गेले. तिथे पैशासाठी थांबवून ठेवलं आणि परत येईपर्यंत द्रविडने मॅकगिलला चौकार मारून सामना संपवलेला. स्टीव्ह वॉने तो चेंडू सीमेवरून स्वतः उचलून आणून द्रविडच्या हातात दिला, हे मी संध्याकाळी बातम्यांत पाहिलं. आजही सलतं. तेव्हापासून पाचव्या दिवसाचा माल चौथ्या दिवशीच पोचवते. कडक भाकरी टिकते, कुणाचं अडत नाही. गिऱ्हाइकाला आधी सांगितलं तर कुणी नाही म्हणत नाही.

आणि वाईट दिवशी टीव्ही बंद करू नका. 19 डिसेंबर 2020 ला ॲडलेडला आपला डाव 36 वर संपला. जाऊबाईंनी वही मिटली होती, मी पुन्हा उघडली आणि चौकोनात ‘36, त्यांचं’ लिहिलं. मग मेलबर्नला रहाणेचं 112. सिडनीला विहारी आणि अश्विन दुखऱ्या अंगाने उभे राहिले आणि कसोटी वाचवली. त्या दिवशीच्या शेवटच्या चौकोनात मी मोठ्या अक्षरात ‘आपलं’ लिहिलं. त्या सत्रात धावा किती झाल्या हे बघायचं कारणच नव्हतं.

ब्रिस्बेनची कसोटी संक्रांतीनंतर लगेच आली. त्या वर्षी करोनामुळे गड्ड्याची जत्रा भरली नव्हती, पाहुणे नव्हते, भाकऱ्यांची मागणी निम्मी. बुमराह, अश्विन, जडेजा, शमी, कोहली कुणीच खेळायला नव्हतं. ब्रिस्बेनच्या त्या गॅब्बा मैदानावर ऑस्ट्रेलिया 1988 पासून हरलं नव्हतं, आणि आपल्याला 328 हवे होते. सकाळी गिल 91 पर्यंत गेला. पुजारा अंगावर चेंडू घेत 211 चेंडू थांबला, 56 केल्या. एक चेंडू बोटाला लागून तो खाली बसला तेव्हा माझ्या हातातला उंडा तसाच राहिला, वरून कोरडा पडला, पुन्हा पाणी लावून मळावा लागला. दुपारी पंतने हेझलवूडला सरळ चौकार मारला. समोरचे मामा रात्रपाळीचे जागे, झोपायला गेलेच नव्हते. ते उंबऱ्यातून उठले, अप्पांच्या फोटोला हात जोडले आणि मग घरी गेले.

दिवसाचा खेळ संपला की वहीचे चौकोन लगेच भरा, संध्याकाळपर्यंत आकडे डोक्यात राहत नाहीत. मग जेवा आणि दीड तास झोपाच, नाहीतर तिसऱ्या दिवशी पहाटे तव्यापुढे डुलकी लागते आणि हात भाजतो. संध्याकाळी पाचला ज्वारी गिरणीत द्या, येताना दाणे आणा, चटणी कुटा. नऊच्या आत दिवा बंद, गजर पावणेचारचा.