निर्जीवात जीव कसा आणावा? चेतनगुणोक्ती लिहिण्याची रीत

निर्जीव वस्तू माणसासारखी वागते-बोलते असं वर्णन केलं की चेतनगुणोक्ती अलंकार होतो. ही व्याख्या शाळेतच पाठ झालेली असते. लिहायला बसल्यावर अडतं ते पुढे.

पहिल्यांदा बघणारा ठरवा, वस्तू मागाहून. 'मेघदूता'त यक्ष ढगाकडे निरोप सोपवतो, तेव्हा कालिदास स्वतःच शंका काढतो: धूर, तेज, पाणी आणि वारा यांचा हा पुंजका निरोप कसा पोचवणार? उत्तरही तोच देतो. प्रेमाने व्याकूळ झालेल्याला सचेतन काय नि अचेतन काय, हा भेद उरत नाही. ढगात प्राण आले ते यक्षाच्या विरहामुळे. या अलंकाराचं सगळं मर्म मला इथे दिसतं.

मग वस्तू निरखा. समजा, वडील गेल्यानंतर त्यांची खुर्ची मुलीच्या नजरेस पडते. 'खुर्ची दुःखी होती' हे वाक्य कुठल्याही खुर्चीला चिकटवता येईल. ही खुर्ची कशी आहे? दाराकडे तोंड करून ठेवलेली. तर लिहा, 'खुर्ची अजून दाराकडे डोळे लावून बसली आहे.' जे खरोखर दिसतं त्यातूनच क्रियापद मिळालं, आणि विशेषणाची गरज संपली. तीच खुर्ची घर विकत घ्यायला आलेल्याला मात्र वाट अडवून बसलेली दिसेल.

मराठीत लिंगाचीही मदत होते. वारा तो, नदी ती, पाखरू ते. या 'तो-ती-ते'मधून स्वभावाचा धागा आयता हाती येतो. त्याच्या विरुद्ध जायचं असेल तर कारण हवं.

घासून गुळगुळीत झालेले प्रयोग टाळा. 'घड्याळ चालतं', 'रस्ता गावाला जातो' यांत कुणालाच पाय दिसत नाहीत. 'चंद्र हसला'चंही आता तेच झालंय.

'जणू', 'गमे', 'वाटे' आलं की वाक्य उत्प्रेक्षेकडे, म्हणजे एक वस्तू जणू दुसरीच आहे अशी कल्पना करणाऱ्या अलंकाराकडे झुकतं. ते शब्द काढून वाक्य मोठ्याने वाचा. उभं राहिलं तर ठेवा, कोसळलं तर क्रियापद बदला.

शेवटी आजूबाजूच्या ओळी तपासा. खुर्ची वाट पाहत असताना पडदाही उसासे टाकू लागला आणि दिवाही रडू लागला, तर खुर्चीकडे कोण बघणार? पडद्याला नुसतं हलू द्या.