ग्रीक पुराणातल्या बायकांच्या कथा लिहिताना या चुका टाळा

“मी पेनेलोपी. आजवर माझं कुणी ऐकलं नाही, आज मी बोलणार आहे.” पहिला खर्डा बहुतेकदा असाच सुरू होतो; माझाही झाला होता. हा परिच्छेद सरळ काढून टाका. लघुकथेत दवंडी पिटायला जागा नसते. तिच्या हातात काय आहे, तिथून सुरू करा. पेनेलोपी ही युद्धावर गेलेल्या ओडिसिअस राजाची बायको. सासऱ्यासाठी ती कफन विणते आहे; ते पुरं झालं की लग्न करीन, असं तिने मागणी घालणाऱ्या पुरुषांना सांगितलंय. दिवसा विणायचं, रात्री मशालीच्या उजेडात उकलायचं. तीन वर्षं हे निभलं, चौथ्या वर्षी तिच्याच दासींनी फोडलं.

त्या दासींना विसरणं ही माझ्या मते सगळ्यात मोठी चूक. होमरच्या ‘ओडिसी’ या महाकाव्याच्या 22व्या सर्गात परतलेला ओडिसिअस पेनेलोपीला मागणी घालणाऱ्या पुरुषांची कत्तल करतो. मग 12 दासींकडून ती प्रेतं उचलून घेतात, रक्ताने माखलेलं दालन धुऊन घेतात आणि जहाजाच्या दोराने त्यांना फासावर लटकवतात. त्यांचे पाय थोडा वेळ तडफडले, फार वेळ नाही, असं होमर म्हणतो. दोर बांधणारा पेनेलोपीचा मुलगा. दासी दाखवून देणारी घरातलीच म्हातारी दाई. पेनेलोपी तेव्हा माडीवर झोपलेली. तुमच्या कथेत ती सगळ्या बायकांची सखी असेल, तर जागी झाल्यावर ती या बाराजणींबद्दल काय विचारते, ते लिहावंच लागेल.

दुसरी गफलत आवृत्त्यांची. मेडुसा म्हणजे जिच्याकडे पाहिलं की माणूस दगड होतो, ती. प्राचीन ग्रीक कवी हेसिअडच्या मेडुसावर शाप नाही. समुद्रदेव पोसायडन तिच्यासोबत वसंतातल्या फुलांच्या कुरणात निजतो, एवढंच. देवळातला बलात्कार आणि शिक्षा म्हणून केसांचे साप हे रोमन कवी ओव्हिडचं, कित्येक शतकांनंतरचं. कोणतीही घ्या, पण जाणून घ्या. जगात दुःखं सोडणाऱ्या पँडोराकडेही पेटी नव्हती, धान्य-तेल साठवायचा मोठा रांजण होता.

भाषा बिघडते ती ‘नाथ’, ‘प्राणेश्वर’ आले की. ट्रॉयच्या युद्धावरच्या होमरच्या ‘इलियड’मध्ये, 19व्या सर्गात, युद्धात पकडून आणलेली ब्रिसेइस ही बाई पात्रोक्लस या ग्रीक योद्ध्याच्या प्रेताजवळ आक्रोश करते. नवरा आणि तिघे भाऊ डोळ्यांदेखत मारले गेले, तेव्हा तू मला रडू दिलं नाहीस, तू नेहमी मायेने वागलास, असं ती त्याला सांगते. भोवतीच्या बायका निमित्त पात्रोक्लसचं करतात, रडतात मात्र ज्या-त्या आपापल्या दुःखाला. आपल्याकडच्या मयताला बसलेल्या बायका ज्याने ऐकल्या आहेत, त्याला इथे नाटकी मराठी सुचूच नये.

कथा अडलीच, तर राणीला सोडा आणि ‘ओडिसी’चा 20वा सर्ग उघडा. राजवाड्यात 12 बायका दळतात. अकराजणी दळण उरकून झोपल्यात. सगळ्यात अशक्त जी, ती अजून दळतेच आहे. ती दगड थांबवते आणि देवांचा राजा झ्यूसला म्हणते, ज्या मागणी घालणाऱ्या पुरुषांसाठी दळून माझे गुडघे मोडले, त्यांचं हे शेवटचं जेवण ठरू दे. जात्यावरच्या ओव्या ऐकलेल्या आपल्या माणसाला ही बाई लगेच कळते. तिथेच एक चूक होते: तिचं जातं गरगर फिरवू नका. त्या काळी ग्रीसमध्ये फिरतं जातं नव्हतं. गुडघ्यांवर बसून, पाट्यावर वरवंटा रेटावा तसा दगड मागेपुढे रेटायचा. गुडघे मोडतात ते त्यामुळे. तिचं मागणं त्याच दिवशी खरं झालं. होमरने तिला नाव दिलेलं नाही, आणि उरलेलं दळण तिने पुरं केलं का, तेही सांगितलेलं नाही.