लॅबच्या मशीनवर कोणी रूट होऊ नये म्हणून

नाशिकरोडला बिटको चौकाजवळच्या एका क्लासमधली १४ मशीन मी सांभाळते. सगळ्यांवर उबंटू २४.०४ ही लिनक्स सिस्टिम. जेलरोड, देवळाली कॅम्प, सिन्नर, कुठून कुठून मुलं येतात. दिवसभरात एकेका मशीनवर सहा-सात जण बसतात. म्हणून मला बाहेरच्यापेक्षा आतली धास्ती जास्त. सिस्टिममधल्या एखाद्या दोषाचा फायदा घेऊन साध्या खात्यावरून रूट, म्हणजे मशीनवर सगळे अधिकार असलेला वापरकर्ता, होता येत असेल, तर फायरवॉलचा काही उपयोग नाही; माणूस आधीच घरात आहे. त्यासाठी मुलाच्या मनात वाईट असायलाच हवं असंही नाही. पेनड्राइव्हवरून आणून नकळत चालवलेला प्रोग्रामही हेच करतो.

असे दोष वर्षानुवर्षं दडून राहतात. पीकेएक्झेक या, दुसऱ्याच्या अधिकाराने प्रोग्राम चालवून देणाऱ्या, लिनक्समधल्या साधनातला ‘पॉनकिट’ हा दोष जानेवारी २०२२ मध्ये उघड झाला, पण होता २००९ पासून.

शनिवारी शेवटची बॅच सुटली की मी एपीटी या पॅकेज बसवणाऱ्या साधनाने अपडेट आणि अपग्रेड चालवते. पूर्वी तेवढ्यावर थांबायचे. एकदा सी-प्रोग्रामिंगच्या बॅचमधला मुलगा म्हणाला, “मॅडम, नऊ नंबरवर कर्नल जुनाच दिसतोय.” बघितलं तर खरंच. नवा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, डिस्कवर येऊन पडलेला, पण मशीन महिनाभर रीस्टार्टच झालेलं नाही. मुलं लॉगआउट करून फक्त स्क्रीन बंद करायची. मेमरीत चालू होता तो जुनाच, दोषासकट. त्या दिवशी मला फार लागलं, कारण मुलांचे प्रोजेक्ट त्याच मशीनवर होते. तेव्हापासून रीस्टार्टनंतर यूनेम या कमांडला आर पर्याय देऊन कर्नलची चालू आवृत्ती बघते आणि वहीत मशीनच्या नंबरासमोर लिहिते. १४ ओळी भरल्याशिवाय लॅबला कुलूप लावत नाही.

फीच्या काउंटरवर विंडोज आहे. तिथेही शट डाउनवर विसंबू नका, रीस्टार्ट करा. फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शट डाउनच्या वेळी कर्नलची अवस्था डिस्कवर जपली जाते आणि सकाळी तीच पुन्हा उचलली जाते.

आवृत्तीचा आकडा वाचताना एक सांभाळा. जून २०२५ मध्ये सुडो या, साध्या खात्याला रूटच्या अधिकाराने कमांड चालवू देणाऱ्या, प्रोग्राममधला मोठा दोष जाहीर झाला, १.९.१४ ते १.९.१७ या आवृत्त्या त्यात सापडल्या, दुरुस्ती १.९.१७पी१ मध्ये आली. २४.०४ वर सुडो १.९.१५ आहे. पण उबंटू जुन्याच आवृत्तीत दुरुस्ती घालतं, त्यामुळे पुढचा आकडा तोच राहतो आणि बदलते ती पॅकेजच्या आवृत्तीच्या आकड्यामागची शेपटी. ती बघा.

मुलांची खाती सुडो गटात, म्हणजे सुडो वापरायची परवानगी असलेल्यांत, नकोतच. उबंटू टाकताना बनवलेलं पहिलं खातं आपोआप त्या गटात जातं; तेच मुलांना देऊन टाकलेलं मी बऱ्याच ठिकाणी पाहिलंय. ॲडमिनचा पासवर्डही प्रत्येक मशीनला वेगळा ठेवा. एकच असेल तर एक मशीन फुटलं की १४ फुटली.

दुरुस्ती यायची असेल तोवर दोषी प्रोग्रामचा सेटयूआयडी (कोणीही चालवला तरी प्रोग्राम मालकाच्या, बहुधा रूटच्या, अधिकाराने चालवणारी खूण) काढता येतो का ते बघा. पॉनकिटच्या वेळी पीकेएक्झेकला सीएचमॉड या परवानग्या बदलणाऱ्या कमांडने ०७५५ परवानगी देणं, म्हणजे ती खूण काढणं, हाच तात्पुरता उपाय होता. तात्पुरत्या फाइल्सचा टेंप फोल्डर नोसुइड (सेटयूआयडी चालू नये) आणि नोएक्झेक (तिथून प्रोग्रामच चालू नये) हे पर्याय लावून माउंट करा, म्हणजे सिस्टिमला जोडा. होम फोल्डरला मात्र मी फक्त नोसुइड लावलंय, कारण नोएक्झेक लावलं तर मुलांनी कंपाइल केलेला प्रोग्राम तिथे चालणार नाही.

आणि कोणी रूट झाल्याचा संशय आला, तर साफसफाई करत बसू नका. रूट मिळालेला माणूस लॉगही पुसू शकतो, म्हणून त्या मशीनच्या सांगण्यावर भरवसा नाही. नेटवर्कची केबल काढा, मुलांच्या फाइल्स वेगळ्या काढा, त्यातलं काही चालवून बघू नका, डिस्क पुसून सिस्टिम नव्याने टाका, आणि त्या मशीनवर टाइप झालेले सगळे पासवर्ड दुसऱ्या मशीनवरून बदला. त्यासाठी ताज्या उबंटूचा पेनड्राइव्ह माझ्या टेबलाच्या वरच्या खणात कायम असतो.