बेन वॉलेसवर लिहिताना या चुका टाळा

दर हंगामात कोणी ना कोणी नवा लेखक डेट्रॉइट पिस्टन्सचा बास्केटबॉलपटू बेन वॉलेस याच्या कारकिर्दीवर लेख लिहून माझ्याकडे तपासायला पाठवतो आणि दर वेळी माझे लाल पेन त्याच त्या ओळींवर फिरते. तेच तेच सांगून कंटाळलो असल्याने त्या चुका येथे एकदाच नोंदवून ठेवतो.

पहिली आणि सर्वांत हट्टी चूक म्हणजे गुणांच्या सरासरीने सुरुवात करणे. ती मी स्वतः केलेली आहे. काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकासाठी वॉलेसवर लेख लिहिताना पहिल्याच परिच्छेदात, कोणतेही स्पष्टीकरण न देता, ‘कारकिर्दीतील सरासरी ५.७ गुण’ असे लिहून मी मोकळा झालो. ज्याचे एवढे गोडवे गायले आहेत तो खेळाडू सामन्याला सहासुद्धा गुण करत नसेल हे मुद्रितशोधकाला पटले नाही. अक्षरजुळणीत एक आकडा गळला असावा असे समजून त्यांनी तो जोडला आणि अंक ‘१५.७’ घेऊनच बाजारात गेला. मी बरेच दिवस धुसफुसत होतो. मात्र लेख पुन्हा वाचल्यावर लक्षात आले की त्या गृहस्थांना वेगळे वाटावे असे मी काहीच लिहिले नव्हते. तेव्हापासून मी २००१-०२ च्या हंगामापासून सुरुवात करतो. त्या वर्षी सामन्याला सरासरी १३ रिबाउंड (हुकलेल्या फटक्यानंतर चेंडू ताब्यात घेणे) आणि ३.५ ब्लॉक (प्रतिस्पर्ध्याचा फटका अडवणे) अशा दोन्ही बाबतींत वॉलेस एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये पहिला होता, आणि सर्वोत्तम बचावपटूचे त्याचे चारपैकी पहिले पारितोषिकही त्याच हंगामाचे आहे. पुढच्या वर्षी रिबाउंडची सरासरी १५.४ वर गेली. हे सारे सांगून झाल्यावरच ५.७ हा आकडा येतो आणि मग तो कोणालाही छपाईची चूक वाटत नाही.

दुसरी चूक ठळक क्षणांच्या चित्रफिती पाहून लेख लिहिणाऱ्यांची आहे आणि या घाईचा मला मनापासून राग येतो. २००४ च्या अंतिम मालिकेत डेट्रॉइट पिस्टन्सने लॉस एंजेलिस लेकर्सना ४-१ असे हरवले, म्हणजे वॉलेसने लेकर्सच्या धिप्पाड शॅकिल ओ’नीलला रोखले असणार, असा निष्कर्ष ही मंडळी बिनदिक्कत काढतात. प्रत्यक्षात ओ’नीलने त्या मालिकेत सरासरी २६.६ गुण केले आणि त्याचे सुमारे ६३ टक्के फटके बास्केटमध्ये गेले. यात कोणी कोणाला रोखलेले दिसत नाही. प्रशिक्षक लॅरी ब्राउन यांच्या पिस्टन्स संघाने ओ’नीलवर दुसरा खेळाडू सहसा धाडलाच नाही. वॉलेस आणि त्याच्या जागी येणारे खेळाडू त्याच्याशी एकेकटे झुंजले, आणि त्यामुळे उरलेल्या चौघांना आपापला प्रतिस्पर्धी सोडावा लागला नाही. त्यांपैकी टेशॉन प्रिन्स हा प्रामुख्याने लेकर्सच्या कोबी ब्रायंटसमोर उभा राहिला आणि ब्रायंटचे फटके जेमतेम ३८ टक्के लागले. तिसऱ्या सामन्यात तर लेकर्सचा सगळा संघ ६८ गुणांवर थांबला. एका माणसाने मार खाल्ल्यामुळे इतरांना मोकळीक मिळते, हे चित्रफितीत दिसत नाही. त्यासाठी पूर्ण सामना पाहावा लागतो. मी पहिले सत्र चेंडूकडे न पाहता केवळ वॉलेसच्या पायांकडे पाहतो. नवशिक्यांना हे सुचवले की ते माझ्याकडे दयेने पाहतात.

ग्रँट हिलच्या बदल्यात डेट्रॉइटने ऑर्लँडोला लुबाडले, हे वाक्यही आता पुरे झाले. २००० मध्ये डेट्रॉइटचा खेळाडू हिल करारमुक्त होऊन ऑर्लँडोकडे जाणारच होता. तो फुकट जाण्याऐवजी काहीतरी पदरात पडावे म्हणून डेट्रॉइटने ऑर्लँडोकडून चकी ॲटकिन्स आणि वॉलेस यांना घेतले. घोट्याच्या दुखापतीमुळे हिल पुढील चार हंगामांत मिळून ४७ सामनेच खेळला, पण हे त्या दिवशी कोणाला ठाऊक असणार?

ड्राफ्टबद्दल, म्हणजे एनबीएचे संघ नवे खेळाडू निवडतात त्या प्रक्रियेबद्दल, लिहिताना अश्रू ढाळू नयेत. १९९६ मध्ये ५८ नावे पुकारली गेली आणि त्यांत त्याचे नव्हते, एवढे पुरेसे आहे. त्याला कोणीच ओळखले नाही असे मात्र लिहू नये, कारण व्हर्जिनिया युनियन विद्यापीठाची वाट त्याला एनबीएतील खेळाडू चार्ल्स ओकलीने दाखवली होती.

जुन्या काळातील थोर बचावपटू बिल रसेलशी ब्लॉकची तुलना करू नये. एनबीएमध्ये ब्लॉकची नोंद १९७३-७४ पासून होते आणि रसेल त्याआधीच निवृत्त झाला होता. सर्वोत्तम बचावपटूची चार पारितोषिके हा एकट्या वॉलेसचा विक्रम नाही, डिकेंबे मुटोंबो आणि रूडी गोबेअर यांच्याकडेही तेवढी आहेत. ती सलगही नाहीत: २००२, २००३, २००५ आणि २००६, मधले २००४ चे रॉन आर्टेस्टचे आहे. शिकागोने २००६ मध्ये देऊ केलेला चार वर्षांचा, सहा कोटी डॉलरचा करार आणि तिथून दीड हंगामात दुसऱ्या संघाकडे झालेली पाठवणी वगळून लेख गोड करू नये. फ्री थ्रोची, म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या चुकीबद्दल मिळणाऱ्या मोकळ्या फटक्यांची, ४१.४ ही टक्केवारीही लपवू नये, वाचक ती शोधून काढतातच.

आणि पिस्टन्समधला त्याचा सहकारी रशीद वॉलेस हा त्याचा भाऊ नाही.