घरी विमान बांधणाऱ्यांना ड्रॉइंग आणि सुटे भाग पुरवताय? या चुका टाळा

बोल्टपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. एएन३ (विमानांसाठीच्या अमेरिकन मानकाच्या) बोल्टचा दांडा ३/१६ इंचाचा, म्हणजे साधारण ४.७६ मिमीचा. स्टॉक संपला की पुण्याच्या बोहरी आळीतल्या हार्डवेअर बाजारातून ५ मिमीचा एम५ आणून द्यायचा मोह होतो. पण रीमर मारून नेमक्या केलेल्या भोकात एम५ शिरत नाही. मग ग्राहक भोक वाढवतो आणि योग्य बोल्ट आला तरी तो तिथे सैलच बसतो. माल संपला असेल तर संपला म्हणून सांगा. एएन३-५ आणि एएन३-५ए यांचीही अदलाबदल होते. शेवटी ‘ए’ असेल तर त्या बोल्टला कॉटर पिनचं (नट फिरून सुटू नये म्हणून घालायच्या तारेचं) भोक नसतं. कंट्रोलच्या सांध्यात, जिथे बोल्टवर भाग फिरतो, तिथे कॅसल (खाचांचा) नट आणि कॉटर पिनच हवी.

वेगवेगळ्या खेपांचे बोल्ट एका बरणीत ओतू नका. कुठला कुठल्या बॅचचा हे एकदा हरवलं की त्याचं सर्टिफिकेट रद्दीच्या लायकीचं. सांगाड्याला लागणारी ४१३० क्रोमोलीची (मजबूत मिश्र पोलादाची) नळी आणि साधी एमएस (माइल्ड स्टील) नळी रंग दिल्यावर डोळ्यांना सारखीच दिसते. लांब नळीतून सहा फूट कापून दिले आणि छापील मजकूर उरलेल्या टोकावर राहिला, तर तो तुकडा अनोळखी झाला. कापलेल्या प्रत्येक तुकड्यावर हीट नंबर (पोलाद कुठल्या ओतातलं ते सांगणारा) लिहायचं काम मालकाने स्वतः करावं, असं माझं ठाम मत आहे. या नळ्यांच्या सांगाड्यावर कुणीतरी जिवाचा भरवसा टाकून उडणार असतं.

ड्रॉइंगच्या प्रिंटने मी स्वतः पोळलोय. अमेरिकन शीट २४ × ३६ इंचाची, आपला ए१ कागद जेमतेम २३.४ × ३३.१ इंचाचा. दुकानदाराने ‘कागदात बसव’ असं बटण दाबलं आणि पंखाला आकार देणारी दहा इंचाची रिब ९.२ इंचाची झाली. ग्राहकाने तोवर प्लायवूड कापलेलं होतं. आता प्रत्येक प्रिंटवर स्टीलची पट्टी ठेवल्याशिवाय ती बाहेर जात नाही. दुसरं म्हणजे, ही अमेरिकन ड्रॉइंग थर्ड अँगलची (उजवीकडून दिसणारं चित्र उजवीकडेच) असतात आणि आपल्याकडे आयटीआयपासून फर्स्ट अँगल (तेच चित्र डावीकडे) शिकवतात. भोसरीत जॉबवर्कला देताना हे तोंडी आणि लेखी सांगा, नाहीतर डावं फिटिंग उजवं होऊन येतं.

ड्रॉइंगच्या संचाच्या एका सीरियल नंबरवर सहसा एकच विमान बांधायची परवानगी असते, तेव्हा झेरॉक्स देऊ नका. अमेरिकन डिझायनर बर्ट रुटान यांनी आपल्या लाँग-ईझी या घरी बांधायच्या विमानाच्या ड्रॉइंगची विक्री १९८५ मध्ये थांबवली. अशा डिझाइनच्या प्रती नव्या म्हणून विकणं चूकच.

कस्टम्सचं थोडक्यात. स्टीलचे नट-बोल्ट विमानाच्या भागांच्या ८८०७ या कस्टम्स कोडमध्ये न येता ७३१८ मध्ये येतात. लाकडी खोक्यावर आयएसपीएम-१५ चा (लाकडावर कीडनाशक प्रक्रिया झाल्याचा) शिक्का नसेल तर माल न्हावाशेवा बंदरात अडकतो.

ग्राहकाचे आगाऊ आलेले पैसे गाळ्याच्या भाड्यात घालू नका. व्हॅन्स एअरक्राफ्टसारखी नावाजलेली किट कंपनीसुद्धा डिसेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरीच्या कोर्टात गेली आणि आधी पैसे भरलेल्या अनेकांना वाढीव किंमत मान्य करावी लागली.

सीलंट, इपॉक्सी, रबरी होज भरून ठेवू नका, ते पडून खराब होतात. रोटॅक्स ९१२ या छोट्या विमानांच्या इंजिनाचे रबरी भाग दर पाच वर्षांनी बदलावे लागतात आणि विमान बांधायला त्याहून जास्त काळ सहज लागतो. अमोल यादव यांनी कांदिवलीत गच्चीवर बांधलेलं विमान २०१६ च्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात लोकांनी पाहिलं, उड्डाणाचा परवाना मिळायला २०१९ उजाडलं. म्हणून ‘बांधलं की उडवता येईल’ असं कुणालाही सांगू नका. निम्म्याहून जास्त काम स्वतः करण्याचा ५१ टक्क्यांचा नियम अमेरिकेचा आहे, तो दाखवून इथे परवाना मिळत नाही. ग्राहकाने डीजीसीएशी (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाशी) बोलून घेतल्याचं पत्र दाखवलं, की मगच मी शेपटीचा, म्हणजे सुरुवातीचा, किट मागवतो.