सराटा ओळखायचा तर फुलावर जाऊ नका

‘गोखरू’ एवढंच नाव घेऊन शोधायला निघालात तर फसगत ठरलेली. या नावाखाली तीन वेगवेगळ्या वनस्पती खपतात: सराटा, मोठं गोखरू आणि शंकेश्वर. तिन्ही वर्षायू, तिन्हींची फळं काटेरी, पण कुळं तीन निराळी. आपल्याला हवा तो वाळूत पसरणारा सराटा, शास्त्रीय नाव ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस. आयुर्वेदाच्या काढ्यातल्या दहा मुळांपैकी, म्हणजे दशमुळांतला गोक्षुर हाच.

पाऊस ओसरताना, सकाळी दहाच्या आत जा. दुपारपर्यंत फुलं मिटतात. मुंबईच्या गोराई-मनोरी किनाऱ्याकडे शोधायचं तर वाळूवर पसरणाऱ्या मर्यादवेलीच्या पट्ट्यामागची कोरडी, उघडी वाळू बघा. दाट गवतात किंवा सावलीत वेळ घालवू नका. पायात जाड तळाचे बूट. ठेवण सोपी आहे: एका सोटमुळापासून चहूकडे जमिनीलगत पसरलेल्या केसाळ फांद्या.

घोटाळा होतो तो पानांत. ‘हरभऱ्यासारखं पान, पिवळं फूल, झाला सराटा’ हा सल्ला विसरा. फळ धरलेलं नसेल तर उन्हाळी नावाच्या वनस्पतीचं, टाकळ्याचं कोवळं रोपही तसंच दिसतं. फांदीच्या मधलं एक पेर, म्हणजे पानं फुटतात ती गाठ, धरा. तिथे समोरासमोर दोन पानं हवीत, आणि त्यांतलं एक मोठं, दुसरं स्पष्ट लहान. ही विषम जोडी म्हणजे सराट्याची सही. शेंड्याकडची पानं तपासू नका, ती पुरती उलगडलेली नसतात. एका पेरावर निकाल देऊ नका. लहान पान गळलेलंही असतं, म्हणून तीन-चार पेरं बघा. मग पर्णिका, म्हणजे एका पानातली छोटी पानं, मोजा. त्या जोडीजोडीने येतात, बहुधा चार ते सात जोड्या, आणि टोकाला एकटी पर्णिका नसते. उन्हाळीला ती असते. टाकळ्याला नसते, पण त्याच्या पेरावर एकच पान येतं आणि झाड उभं वाढतं.

फूल नुसतं ताडून घ्या: पाच पाकळ्या, दहा पुंकेसर. घोळीलाही पिवळं फूल येतं, पण तिचं पान साधं आणि मांसल.

फळ मिळालं की वाद संपला. पिकलेलं फळ दाबलं की पाच फोडी सुटतात. प्रत्येकीवर दोन लांब काटे आणि खाली दोन आखूड. फोड कशीही पडो, एखादा काटा वर राहतोच. मोठ्या गोखरूचं फळ चौकोनी, दर कोपऱ्याला एक काटा, आणि ते असं फुटत नाही. त्याची ओली फांदी पाण्यात ढवळली की पाणी बुळबुळीत होतं. शंकेश्वराचं फळ लांबट अंड्यासारखं, अंगभर आकडे, कपड्यांना चिकटणारं. त्याचं बी विषारी आहे, त्यामुळे नुसत्या ‘गोखरू’ नावावर काढ्यात काहीही टाकू नका.

नमुना न्यायचा तर डब्यात. पिशवी फाडून काटे बॅगेच्या तळाशी जातात, आणि पुढच्या पावसात सराटा गच्चीवरल्या कुंडीत उगवतो.